जिंगवेईची चोच पांढरीच हवी

मावशी, नमस्कार. आम्ही मूळचे सांगलीचे, अडीच वर्षांपासून सुझौला आहोत. नवरा इथल्या एका कारखान्यात आहे, मी घरी असते. लेक इथल्याच चिनी शाळेत चौथीत शिकते. ती चिनी फाडफाड बोलते. मला मात्र भाजीबाजारापुरतं येतं, आणि वाचता तर काहीच येत नाही. भाषेच्या बाईंनी दोन आठवड्यांत हाताने लिहिलेलं पोस्टर आणायला सांगितलंय. विषय जुनी दंतकथा, कागद ए-फोर, आडवा. लेकीने जिंगवेई पक्ष्याची गोष्ट निवडली. मागच्या वेळी तिची अक्षरं चुकली होती, म्हणून पोस्टर भिंतीवर लागलं नाही आणि घरी रडारड झाली. आता वर्गाच्या विचॅट ग्रुपवर बाकीच्या आया आत्तापासून फोटो टाकतायत, अगदी छापल्यासारखी चित्रं. ऑनलाइन तयार साचे मिळतात, नुसते रंग भरायचे. नवरा म्हणतो, घेऊन टाक. मी चित्रं बरी काढते, म्हणून वाटतं ती झोपल्यावर मीच काढून द्यावं. दुसरं म्हणजे गोष्ट बुडून मेलेल्या मुलीची आहे. लेक विचारते, "आई, तिला शोधायला घरचं कुणीच गेलं नाही का?" मला उत्तर सुचलं नाही. तिला ती बुडणारी मुलगीच काढायची आहे. काढू द्यावी का?

— सुझौहून एक आई

साचा मागवू नकोस, आणि लेक झोपल्यावर तूही काढत बसू नकोस. हे आधीच सांगून टाकते, कारण तिकडे मागवलेलं पार्सल दुसऱ्या दिवशी दारात हजर असतं, आणि दारात आलेली वस्तू वापरली जातेच. लेकीला तिचं तिला करू दे. बुडणारी मुलगीसुद्धा काढू दे. आता एकेक बोलू.

तिकडे अशा पोस्टरला शोउ छाओ बाओ म्हणतात हे तू रोज ऐकत असशील. शोउ म्हणजे हात, छाओ म्हणजे बघून बघून उतरवून काढणं, आणि बाओ म्हणजे वर्तमानपत्र. आपल्या शाळेत हस्तलिखित निघायचं, व्हरांड्यात भित्तिपत्रक लागायचं, त्यांचाच हा एका पानाचा भाऊ. नवीन वर्ष आलं की करा, राष्ट्रीय दिन आला की करा, आगीपासून सावधगिरी, दात घासणं, रहदारीचे नियम, कशावरही करा. त्यामुळे आया कंटाळतात आणि साच्यांचा धंदा चालतो. पण त्या तीन शब्दांतला मधला बघ. छाओ, उतरवून काढणं. चिनी अक्षर हातातून गेल्याशिवाय डोक्यात बसत नाही, म्हणून तिथल्या बाई हे काम देतात. चित्र हा त्याचा साज. तू काढून दिलंस तर साज राहील आणि काम निघून जाईल.

हे मी अनुभवाने सांगतेय. आम्ही हांगझौला होतो तेव्हा माझा मुलगा तिसरीत होता. मध्यशरद सणासाठी चंद्रावर गेलेल्या छांग-अची गोष्ट करायची होती. मी रात्री दीडपर्यंत बसले. चंद्र, ससा, ढग, सगळं झकास झालं. अक्षरं इंटरनेटवरच्या एका चित्रातून रेघ न् रेघ उतरवली. त्यातलं 'उडणे' हे अक्षर जुन्या वळणाचं होतं, नऊ रेघांचं. तैवान-हाँगकाँगला ते चालतं, पण मुख्य भूमीच्या शाळेत तीन रेघांचं शिकवतात. बाईंनी वर्गात त्याला सहज विचारलं, हे कोणतं अक्षर रे? त्याला वाचता येईना. खाली त्याचंच नाव, आणि त्याला वाचता येईना. पोस्टर महिनाभर भिंतीवर होतं. तो तिथून जाताना दुसरीकडे बघायचा, हे मला त्याच्या मित्राच्या आईकडून कळलं. आजही आठवलं की पोटात कालवतं.

तू एकटी आई यात अडकलेली नाहीस. २०२१च्या जुलैमध्ये तिथल्या सरकारने श्वांग ज्येन नावाचं धोरण आणलं, दुहेरी कपात, म्हणजे गृहपाठाचा भार आणि खासगी शिकवण्या दोन्ही कमी. तिसरी ते सहावीच्या मुलांचा लेखी गृहपाठ दिवसाला सरासरी ६० मिनिटांच्या वर जाऊ नये, आणि पालकांना आडूनही गृहपाठ लावू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तेव्हा पोस्टरमध्ये आईचा हात दिसला नाही म्हणून बाई रागावतील अशी धास्ती बाळगू नकोस. उलट चौथीच्या पोरीचं अक्षर कुठलं आणि आईचं कुठलं, हे बाई लांबूनच ओळखतात.

आता गोष्ट. लेकीची निवड फार आवडली मला. चौथीच्या भाषेच्या पुस्तकात पुराणकथांचा एक पाठगट आहे. त्यात आभाळ आणि जमीन वेगळी करणारा पानगू आहे, आभाळाला ठिगळ लावणारी देवी नूवा आहे, ग्रीकांचा प्रोमिथियससुद्धा आहे. ती सगळी मोठाल्या अंगाची, मोठाल्या कामांची मंडळी. त्यांच्यात ही कावळ्याएवढी जिंगवेई. आणि पाठही केवढा, तर फक्त ३५ अक्षरांचा. तो शान हाय जिंग, म्हणजे डोंगर-समुद्रांच्या ग्रंथातून घेतलाय, दोन हजार वर्षांपेक्षा जुन्या मजकुरातून. अर्थ असा: यान दी या पुराणातल्या राजाची धाकटी लेक, नाव नूवा (वरची देवी नव्हे, ही वेगळी). नूवा पूर्वसमुद्रावर गेली, बुडाली, परतली नाही. म्हणून जिंगवेई झाली. पश्चिमेच्या डोंगरावरच्या काटक्या आणि खडे चोचीत धरून सतत नेते, पूर्वसमुद्र बुजवायला.

संपलं. एवढंच आहे. जिंगवेई थ्येन हाय, म्हणजे जिंगवेई समुद्र बुजवते, ही चार अक्षरं तिकडे म्हणीसारखी वापरतात, पण मूळ मजकूर हा इतकाच.

म्हणून पोस्टरवर हीच ३५ अक्षरं जशीच्या तशी घ्यायची. इंटरनेटवरच्या लांबलचक आवृत्त्या नकोत. त्यात कुणी बापाचे संवाद घालतं, कुणी समुद्राला बोलायला लावतं. ते वाचायला बरं, पण उतरवताना पोरगी तिसऱ्या ओळीत दमते आणि पाचव्या ओळीत चुका सुरू होतात. मागच्या वेळी बहुतेक हेच झालं असणार.

तुला एक चौकट देते. मी कागदावर मांडून बघितली आहे. चिनी लिखाणात प्रत्येक अक्षराला एक घर, आणि स्वल्पविरामालाही पूर्ण घर लागतं. परिच्छेदाची पहिली दोन घरं मोकळी सोडतात. ३५ अक्षरं, ७ विरामचिन्हं, २ मोकळी घरं, एकूण ४४. एका ओळीत ९ घरं धर आणि ५ ओळी आख. झाली ४५, शेवटी एकच घर उरतं. घर एक सेंटिमीटरचं ठेवलंस तर सगळा मजकूर नऊ बाय पाच सेंटिमीटरमध्ये बसतो. आठ घरांची ओळ घेऊ नकोस, कारण मग चौथ्या ओळीच्या सुरुवातीलाच स्वल्पविराम येतो, आणि ओळीच्या पहिल्या घरात विरामचिन्ह आलं की तिथे ती चूक धरतात. नऊच्या ओळीत तसं कुठेच होत नाही. या रेघा तू आख. पट्टी तुझ्या हातात असली तरी चालेल, पेन मात्र तिच्या.

अक्षरांच्या तीन जागा आहेत जिथे मुलं हमखास घसरतात. पहिली जागा नाव. बुडालेली मुलगी नूवा, आणि आभाळाला ठिगळ लावणारी देवीही नूवा. आपल्या कानाला दोन्ही सारखंच, फक्त 'वा'चा सूर वेगळा. लिहिताना मात्र अक्षर वेगळं. दोन्हींच्या 'वा'मध्ये डावीकडे 'स्त्री' आहे. देवीच्या अक्षरात उजवीकडे वर 'तोंड' येतं, चौकोनी. आपल्या मुलीच्या अक्षरात उजवीकडे 'माती' आणि तिच्याखाली पुन्हा 'माती'. लेकीला सांग, मातीवर माती, समुद्र बुजवणारी ती ही. अक्षराची व्युत्पत्ती म्हणून हे सांगत नाहीये, लक्षात राहायला सांगतेय, पण एकदा सांगितलंस की ती आयुष्यात चुकायची नाही. बापाचं नावही असंच आहे, यान दीमधल्या यानमध्ये 'अग्नी'वर 'अग्नी'. बाप दोन ज्वाळांचा, लेक दोन मातींची.

दुसरी जागा श्येन, म्हणजे चोचीत किंवा तोंडात धरणं. या अक्षराचे तीन उभे भाग आहेत आणि मधला भाग 'धातू'चा. घोड्याच्या तोंडात लगामाचा लोखंडी तुकडा असतो ना, मुळात त्याचं हे अक्षर. घाईत मधला भाग अर्धवट राहतो. तिला हे अक्षर आधी वहीत पाच-सहा वेळा काढू दे. तिसरी जागा जिंगवेईतलं 'वेई'. शाळेतलं अक्षर तीन रेघांचं, अगदी सोपं. पण चित्रांवर, जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर तेच पंधरा-एक रेघांचं दिसतं. माझ्या मुलाचं जे झालं तेच होईल. तेव्हा अक्षरं फक्त आणि फक्त पाठ्यपुस्तकातून.

तुला वाचता येत नाही याचं ओझं घेऊ नकोस. पेन्सिलने लिहून झालं की पुस्तक शेजारी ठेव आणि तिला एकेका अक्षरावर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लाव. तू नुसती बघत राहा. अर्थ कळत नसला की डोळा आकाराकडे जातो, रेघ कमी आहे का जास्त हे तुला तिच्यापेक्षा लवकर दिसेल. आणि तिला विचार, हे अक्षर काय, इथे हा ठिपका कशाला. आईला शिकवताना तिचं अक्षर आणखी पक्कं होईल. जमलं तर पेन्सिलचा कच्चा कागद तिने दोन दिवस आधी बाईंना दाखवावा. लाओशी, यात कुठलं अक्षर चुकलंय का, एवढं विचारलं की पुरे. शाई चढण्याआधी चूक सापडली तर कुणालाच रडावं लागत नाही.

आता चित्र. इथे तुझ्या लेकीला सगळ्या ग्रुपपेक्षा वरचढ होण्याची संधी आहे, आणि तीही कुणाची नक्कल न करता. साच्यांमध्ये जिंगवेई कशी असते? लांब शेपटी, निळी-गुलाबी पिसं, अर्धी मोरासारखी, अर्धी परीसारखी. मूळ ग्रंथात पक्ष्याचं वर्णन दिलेलं आहे, पाठ्यपुस्तकाने घेतलेल्या वाक्याच्या अगदी आधी. दिसायला कावळ्यासारखी, डोक्यावर नक्षी, पांढरी चोच, लाल पाय. बस. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी एवढं नेमकं लिहून ठेवलंय आणि आपण परी का काढायची? तिला म्हणावं, कावळा काढ. सांगलीला आजीच्या कौलावर बसायचा तसा कावळा तर तिने पाहिलेला असेलच.

एक अडचण येईल. पांढऱ्या कागदावर पांढरी चोच दिसणार नाही, आणि मग ती पिवळी करायचा मोह होईल. पिवळी नको. चोचीच्या मागे आभाळाचा फिका निळा हात फिरवायचा, लाकडी रंगपेन्सिल आडवी धरून, आणि चोचीची जागा कोरी सोडायची. बाहेरून बारीक काळी रेघ. चोच आपोआप उठून दिसते. काटकीही इवलीशीच काढा. ताओ युआनमिंग या चौथ्या-पाचव्या शतकातल्या कवीने हा ग्रंथ वाचून १३ कवितांची माळ लिहिली. तिच्या दहाव्या कवितेत जिंगवेई येते, आणि तिच्या चोचीतल्या काटकीला त्याने इवलीशी म्हटलंय. चित्रात मुलं काटकीची फांदी करतात, मग पक्ष्याची सगळी धडपडच कमी वाटायला लागते. डोक्यावरची नक्षी कसली, ते ग्रंथात नाही. तिथे तिला काय सुचेल ते. ठिपके, लाटा, काहीही. आणि हो, ग्रंथ म्हणतो की हा पक्षी स्वतःचंच नाव घेऊन ओरडतो. आपल्या टिटवीसारखं, कावळ्यासारखं, हाकेवरूनच नाव पडलेलं. चोचीत काटकी असलेला एक पक्षी मोठा काढा, आणि मागे लहान, परत जाणारा, चोच रिकामी, 'जिंगवेई, जिंगवेई' ओरडणारा. नाव ओरडायला चोच मोकळी लागतेच.

पानाची मांडणी गोष्टीतच आहे. डावीकडे पश्चिमेचा डोंगर, उजवीकडे पूर्वेचा समुद्र, नकाशासारखं. मूळ ग्रंथातला फाज्यू डोंगर शान्शी प्रांतात आहे, तिथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. म्हणून डोंगर डाव्या कडेला अगदी चिकटवा, समुद्र उजव्या कडेला, आणि मधलं अंतर मोकळं वाटू दे. मधल्या आभाळात वर मथळा, त्याखाली पक्षी. मूळ मजकुराची चौकट डोंगराच्या अंगाला. तिच्या शब्दांतली गोष्ट खाली मध्यभागी, आठ-दहा वाक्यं पुरेत. तिसरी चौकट, तिला काय वाटलं त्याची, समुद्रात. फुलांच्या वेली, फुगे, तारे यांनी कोपरे भरू नका. इंटरनेटवर चित्रं शोधताना सूट घातलेल्या एका गृहस्थाचे फोटो दिसतील, तो वांग जिंगवेई, १८८३ ते १९४४. याच पक्ष्याचं नाव त्याने टोपणनाव म्हणून घेतलं होतं. १९४०मध्ये त्याने जपान्यांच्या आश्रयाने नानजिंगला सरकार थाटलं, आणि चीनमध्ये त्याचं नाव देशद्रोही म्हणूनच घेतात. तुला वाचता येत नाही म्हणून मुद्दाम सांगतेय, चुकून त्याची माहिती कागदावर यायला नको.

आता खरी गोष्ट, जी तुझ्या पत्रात शेवटी आली पण तुझ्या मनात पहिली आहे.

लेकीला बुडणारी मुलगी काढायची आहे, कारण गोष्ट तिचीच आहे. बाकी सगळे पक्षी काढतील. तिच्या डोळ्यांपुढे तिच्याएवढी पोर आहे. यात काही अशुभ नाही, तिच्या मनाला काही झालंय असंही नाही. 'बुडणे' या अक्षराशी तिची ओळख आधीचीच असणार. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शाळेकडून पाण्यापासून सांभाळा अशा सूचना येतात, ज्यावर तुम्ही सह्या करून देता, त्यात हेच अक्षर असतं, डावीकडे पाण्याचे तीन थेंब. म्हणजे शाळा तिच्याशी या विषयावर बोलतेच. घरात आपण तेवढे गप्प असतो. तिला उजव्या कोपऱ्यात, लाटेत, लहानशी मुलगी काढू दे. तिचे हात वर असतील, नाहीतर डोळे मिटलेले असतील, ते तिच्यावर सोड. तू फक्त शेजारी बस.

आणि तो प्रश्न. तिला शोधायला कुणी गेलं नाही का? उत्तर गोड करून सांगू नकोस. ३५ अक्षरांत शोधाचं एकही अक्षर नाही. बापाचा उल्लेख आहे तो फक्त ती कुणाची लेक हे सांगण्यापुरता. धाकटी, शेंडेफळ, एवढं लिहिलंय आणि पुढे घरच्यांबद्दल काही नाही. तिला हेच सांग की गोष्टीत ते लिहिलेलं नाही. मग तिला विचार, तुला काय वाटतं, गेले असतील का? ती जे बोलेल ते तिसऱ्या चौकटीत लिहायचं. एवढं मोठं पान असताना मुलांनी शेवटी सगळ्यांनी एकच वाक्य लिहायचं, 'आपणही जिंगवेईसारखी चिकाटी ठेवूया', हे मला फार खटकतं. चिकाटी हा शब्द बाईंना हवा असणार, पाठाचा तो उद्देशच असतो, तेव्हा तो एका वाक्यात येऊ दे. पण बाकीची वाक्यं तुझ्या लेकीची. तिने लिहिलं की 'मला वाटतं तिची आई रोज किनाऱ्यावर जात असेल', तर ते लिहू दे. कुठल्याही साच्यात ते वाक्य नसेल.

या वयाच्या पोरींना बसवून समजावण्यापेक्षा बाहेर नेलेलं बरं. सुझौच्या पश्चिमेला ताय हू सरोवर आहे, सुमारे २,४०० चौरस किलोमीटरचं, काठावर उभं राहिलं की समुद्रच वाटतो. रविवारी तिला घेऊन जा. हात धरून काठाला उभ्या राहा आणि एक खडा तिला पाण्यात टाकू दे. मग म्हण, आता पाणी किती भरलं? ती हसेल, किंवा गप्प होईल. दोन्ही चालेल. त्यानंतर ती जो समुद्र काढेल तो वेगळा असेल, बघ तू.

तिथेच बसून तिला टिटवीची गोष्ट सांग. पंचतंत्रातली, समुद्राने अंडी नेली म्हणून चोचीने समुद्र आटवायला निघालेली. ज्ञानेश्वरांनी तर पहिल्याच अध्यायात स्वतःला चोचीने सागर मोजणाऱ्या टिटवीची उपमा दिली आहे, म्हणजे आपल्या भाषेतही हा पक्षी केवढा जुना आहे बघ. दोन्ही गोष्टी सारख्या वाटतात, पण लेकीला दोन फरक शोधायला लाव. टिटवीला तिची अंडी परत हवी असतात, आणि तिच्या मदतीला गरुड येतो, विष्णू येतो, समुद्र घाबरून अंडी परत देतो. जिंगवेईला काहीच परत मिळणार नसतं. ती स्वतःच बुडालेली असते. तिच्यासाठी कुणी देव येत नाही, आणि समुद्र भरला की नाही हेही ग्रंथ सांगत नाही. ती आपली नेतच राहते, एवढंच. हा फरक माझ्या लक्षात यायला मला चाळिशी गाठावी लागली. तुझ्या लेकीला तो दहाव्या वर्षी कळेल, कारण तिच्याकडे दोन्ही पक्षी आहेत.

पोस्टरवर टिटवी घ्यायची का? तिला वाटलं तर तिसऱ्या चौकटीत एखादं वाक्य, की माझ्या आजीच्या देशातही असा एक पक्षी आहे. वेगळं चित्र नको. पान जिंगवेईचं आहे, तिचंच राहू दे.

ग्रुपवरच्या फोटोंचं म्हणशील, तर हे दोन आठवडे तो ग्रुप म्यूट कर, बाईंचा निरोप तेवढा रोज संध्याकाळी बघ. लेकीला ते फोटो दाखवू नकोस. तुझं काढणं चांगलं आहे, तो हात आवरणं तुला जड जाईल, मला माहीत आहे. तेव्हा शेजारी तुझा स्वतःचा एक कागद घेऊन बस आणि तूही एक कावळा काढ. दोघींचे दोन कागद. हाताला काम मिळालं की तो तिच्या कागदाकडे जात नाही.

करायचा क्रम एवढाच: आधी सगळं पेन्सिलने, मग अक्षरं बाईंना दाखवून घ्यायची, मग काळ्या जेल पेनने मजकूर, मग थांबायचं. रंग सगळ्यात शेवटी, आणि लाकडी रंगपेन्सिलींनीच. स्केचपेनचं पाणी जेलच्या शाईला लागलं की अक्षर फुटतं. आणि मार्कर कागदाच्या पाठीमागे उमटतो. पेन्सिलच्या रेघा खोडायचं काम तू घेतलंस तरी चालेल, मुलं घाईत शाईवरून रबर फिरवतात. शाई रात्रभर वाळू दे. सकाळी मऊ रबराने, एकाच दिशेने, घरांच्या रेघा पुसून टाक, आणि त्यानंतरच तिला रंग भरायला दे. लाल पाय सगळ्यात शेवटी, कारण लाल रंगावरून हात गेला की तो पांढऱ्या चोचीपर्यंत पसरतो.